पंखा ऑफलाइन आहे

बसवनगुडी, बेंगळुरू
१६ सप्टेंबर २०२५

चि. गिरीराज,

आईचे आशीर्वाद. एकाच गावात राहून ही बाई पत्र कसलं लिहिते, असं म्हणशील. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत तुला मीटिंग लागते. म्हणून कागद घेतला.

इकडे सगळं ठीक. जास्वंदीला कळ्या आल्यात. मध्ये काही दिवस जयनगरला राहून आले. वरच्या मजल्यावरची पवित्रा, ती निपाणीची इंजिनिअर मुलगी, रोज खाली डोकावून जाते.

आता मुद्द्याचं. काल तुझा मेसेज आला, "आई, पंखा ऑफलाइन दाखवतोय. शनिवारी टेक्निशियन पाठवतो." पाठवू नकोस. पंखा बिघडलेला नाही. आत्ता त्याच्याच वाऱ्यात बसून लिहितेय आणि कागद उडू नये म्हणून वर अडकित्ता ठेवलाय. तो फक्त तुझ्या फोनमध्ये दिसायचा बंद झालाय. ते मी मुद्दाम केलंय.

तू स्विचबोर्डामागे जी डबी बसवून दिलीस, ती माझ्या पंख्याची बातमी आधी कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरला द्यायची आणि तिथून ती तुला मिळायची. पवित्रा म्हणाली, "काकू, ह्यात दुसरं फर्मवेअर घालता येतंय की. फुकट असतंय, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, कुणीपण उघडून वाचावं. मग पंखा घरातल्या घरात ऐकतोय, बाहेर कायबी सांगत नाही." फर्मवेअर म्हणजे त्या डबीची अक्कल, एवढं मला समजलं. अक्कल बदलायची म्हटल्यावर मी लगेच तयार झाले.

मेन स्विच बंद करून डबी काढली. आतल्या सर्किटवर चार बारीक तारा सोल्डर करायच्या होत्या. टेलिफोनच्या कारखान्यात मी तेच करत म्हातारी झाले, पण आता हात कापतो. पहिल्या खेपेस दोन तारांची अदलाबदल झाली आणि लॅपटॉपला डबी सापडेचना. "स्वल्प थांबा काकू, आज राहू दे," पवित्रा म्हणाली. मी म्हटलं, "गप्प बस आणि तो चिमटा दे." दुसऱ्या खेपेस नवा प्रोग्रॅम आत गेला. तारा काढून डबी जागेवर बसवली, तर पंखा एकवर भन्नाट सुटला आणि पाचवर जेमतेम हलला! ते सरळ करण्यात सगळी दुपार गेली.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारशील. तुझ्यावर राग नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण ते खोटं होईल. राग आहे.

जयनगरला मी कुणाकडे पाहुणी म्हणून गेले नव्हते. मला डेंग्यू झाला होता. पवित्रानं रिक्षात घालून नर्सिंग होममध्ये नेलं. ती तुला फोन लावत होती, मीच तिचा हात धरला. म्हटलं, तो करेल. ही डबी बसवायच्या आधी तू रोज संध्याकाळी फोन करायचास, "जेवलीस का?" एवढंच विचारायला. डबी आली आणि फोन थांबला. रात्री पंखा लागला, सकाळी बंद झाला, म्हणजे आई ठीक, असा तुझा हिशेब. मला तो उशिरा कळला, आणि खरा आहे का ते बघायचंच होतं.

हाताला सलाईन, फोन उशाशी. नर्स येता-जाता विचारायची, "मनेयिंद यारू बरल्वा, अम्मा?" घरून कुणी येत नाही का? मी सांगायची, मुलगा येतोय. मग एका सकाळी फोन वाजला. तुझा मेसेज होता. "पंखा रोज वेळेवर चालू-बंद होतोय. गुड! तब्येत मस्त दिसतेय."

अरे, पंखा आपोआप चालू-बंद करणारा तो टायमर तूच लावून दिला होतास. प्लेटलेट उतरत होत्या म्हणून डॉक्टर माझ्या उशाशी उभे होते, रिकाम्या खोलीत पंखा गरगरत होता, आणि तुला आई मस्त दिसत होती.

मी रडले. भरपूर रडले. घरी आल्यावर तोंड धुतलं आणि पवित्राला हाक मारली.

तेव्हा नीट ऐक. जुना प्रोग्रॅम मी परत घालू देणार नाही. पंख्याच्या जागी कॅमेरा बसवू, असंही सुचवू नकोस. शनिवारी माणूस आलाच तर कॉफी पाजून परत धाडीन. मी कशी आहे हे कळायचं असेल तर मला विचारावं लागेल. विचारलंस तर खरं सांगेन. बरी नसले तर बरी नाही म्हणेन, ये म्हणेन. यापुढे आजार लपवून तुझी परीक्षा बघणार नाही, हा माझा शब्द. पण विचारायचं तू.

सर्जापूर रोडहून इथवर यायला ट्रॅफिकमध्ये जीव जातो, मला माहीत आहे. रोज ये म्हणत नाही. संध्याकाळी फोन कर. पहिल्यासारखं जेवलीस का विचारलंस तरी चालेल.

आणि मी उचलला नाही, तर गाडी काढ आणि ये.

तुझी
आई