धुळाप्पा म्हेत्रे यांच्या नावावरची बिडी काढण्याबाबत

दि. ६ जुलै १९७६

प्रति,
मा. चौकशी अधिकारीसाहेब,
औद्योगिक अपघात फेरचौकशी कक्ष,
सोलापूर.

अर्जदार : शिवयोगी चन्नप्पा तोळणुरे, माजी प्रयोगशाळा साहाय्यक, भीमातीर वनस्पती मिल.

विषय : मयत कामगार धुळाप्पा म्हेत्रे यांच्या मृत्यूचे कारण दुरुस्त होणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

१. अर्जदार सदर मिलमध्ये नऊ वर्षे नोकरीस होता. तेथे सरकीच्या तेलाचे वनस्पती तूप होते. सरकीचे तेल मोठे हट्टी. नुसता हायड्रोजन वायू सोडला तर दाद देत नाही. त्यासाठी निकेल धातूची काळी भुकटी लागते. अर्जदार ती तयार करून पाण्याखाली ठेवत असे. पाण्याबाहेर वाळली की ती हवेनेच पेट घेते. काडी, ठिणगी काही लागत नाही.

२. दि. ११ एप्रिल १९७५ रोजी भर दुपारी ही भुकटी पेटली. धुळाप्पा भाजले व तिसऱ्या दिवशी वारले. मिलने अहवालात "मयताच्या हातातील बिडीमुळे आग" असे लिहिले आणि आपल्या कक्षाने ते कायम केले. अर्जदाराने पहिला अर्ज केला, त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली.

३. धुळाप्पा बिडी ओढत नसत. त्यांच्या पत्नी मल्लव्वा यांनी आपल्या कक्षात येऊन सांगितले, "सायेब, त्येनी जलमात बिडी हातात धरली न्हाय. दुसऱ्यानं ओढली तर उठून जायचे की." बायको असेच म्हणणार, या कारणास्तव ते लिहून घेण्यात आले नाही.

४. धातू आपोआप पेटतो याचा पुरावा कक्षाने तोंडी मागितला. अर्जदाराने यंदा ९ जानेवारीस बाटलीत पाण्याखाली भुकटी आणली. साहेब दौऱ्यावर असल्याने बाटली ठेवून घेण्यात आली. "पाणी काढू नये" अशी चिठ्ठी तीवर चिकटवलेली होती. दुसऱ्या दिवशी साफसफाईत पाणी गढूळ दिसले म्हणून ते ओतून भुकटी कागदावर पसरण्यात आली. ती उन्हात वाळली आणि चौदा फायली जळाल्या. त्यांत मयताची फाइल होती. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

५. निदान आता तरी खात्री पटेल, असे अर्जदारास वाटले. परंतु पंचनाम्यात आगीचे कारण "अज्ञात इसमाची बिडी" असे आले. नवीन फाइलसाठी जो छापील नमुना मिळाला, त्यात "जखमी इसमाची समक्ष सही" असा रकाना आहे. मल्लव्वांनी तेथे आपला अंगठा उठवला. "अंगठा जखमीचा नाही" या शेऱ्यासह नमुना परत आला.

६. चारही अर्जांत अर्जदाराने एक गोष्ट लिहिली नाही, ती आज लिहीत आहे. अपघाताच्या दिवशी मिलमधील साठा मोजण्यास मुंबईहून तपासनीस आले होते. मॅनेजर म्हणाले, "भुकटीचं कोरडं वजन पाहिजे. पाणी मोजायला आलेत का ते?" अर्जदाराने दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा नोकरीच्या भीतीने मान डोलावली. धुळाप्पा विचारत आले, "पानी काडू म्हंता? तुमीच तर नगं म्हनत हुता की." अर्जदार म्हणाला, "काढा. तेवढ्यात काही होत नाही." आणि तो वही आणण्यास आत गेला. बाहेर आला तेव्हा धुळाप्पांचा सदरा पेटलेला होता.

७. मल्लव्वा गेल्या महिन्यात सोलापूर सोडून भावाकडे सांगोल्यास गेल्या. एस.टी. स्टँडवर म्हणाल्या, "आता अर्ज नगा करू. त्येंचं नाव निगालं की लोकास्नी बिडीच आटवतीया. तुमी आमच्यासाटी लई केलं." अर्जदाराने तेव्हाही त्यांना कलम ६ मधील मजकूर सांगितला नाही. गाडी सुटेपर्यंत तो उभा राहिला, इतकेच.

८. अर्जदारास आता नोकरी नको, चौकशीही नको. ती होईल अशी आशाही उरलेली नाही. कारणाच्या रकान्यात काही तरी लिहिणे भागच असेल, तर "बिडी" हा शब्द खोडून तेथे अर्जदाराचे नाव लिहावे. पूर्ण नाव मावत नसल्यास नुसते "तोळणुरे" चालेल.

या अर्जाची पोच तरी मिळावी, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
शि. च. तोळणुरे

सोबत : शेऱ्यासह परत आलेला नमुना, एक प्रत.