लाटेवर उभं राहायचं आणि गळ्यातलं लिंग

शुक्रवार संध्याकाळ, लातूर

आजही गच्चीवर सतरंजी टाकली, पालथी पडले, झटक्यात उठले. वीसदा. गोकर्णच्या समुद्रात मात्र सर्फिंगच्या फळीवर चार दिवसांत एकदाही उभी राहिले नाही. तिथल्या सरांना सांगितलं, गळ्यातलं इष्टलिंग छातीला रुततं आणि आम्हा लिंगायतांना ते काढता येत नाही. त्यांना पटलं. मलाही पटलंच होतं की!

आज घरी अप्पांनाही तेच सांगितलं. ते हसायलाच लागले. "आगं, मी हिरीत उड्या मारायचो तवा लिंग काय खुंटीला टांगून यायचो का? फडक्यात गुंडाळ अन् डोक्याला बांध."

बांधून बघितलं. छातीला काहीच रुतेना. तरी धडधड चालूच. उद्या पुन्हा गोकर्णला निघायचंय. आता पडले तर कुणाचं नाव सांगू?