नेवेंका बर्झानची दुसरी वाटणी

मी, नेवेंका बर्झान, वय एकोणसत्तर, मीठ पिकवणारी, राहणार पिरान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत.

१. नोव्हेंबर २०१७ मध्ये केलेले पहिले मृत्युपत्र मी रद्द करते. पाठीवरच्या तिळाचा कर्करोग तेव्हा फुप्फुसांत आणि यकृतात पोचला होता. वर्षभरही निघेल असे कोणी म्हणत नव्हते. ते कागद मी घाबरून आणि चिडून लिहिले होते. धाकटा भाऊ सिल्वो म्हणाला होता, "ताई, कशाला त्या ल्युब्ल्यानाच्या इस्पितळाच्या खेपा? घरीच राहा." याला माझे घर हवे आहे, असे मी धरून चालले आणि त्याला घरातून वगळले. पुढे दोन वर्षांनी तो बोलला. आईची किमो त्याने पाहिली होती, तसे माझे पाहायची त्याची हिंमत नव्हती. तरीही दर खेपेला गाडी त्यानेच चालवली.

२. पुढचे सगळे समजावे म्हणून उपचाराविषयी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "नेवेंकाबाई, हे औषध गाठीला मारत नाही. तुमच्याच शरीरातले पहारेकरी आजाराने झोपवलेत, त्यांना ते जागं करतं. जागे झाल्यावर ते तुमच्यावरही उलटू शकतात." ते दोन्हीकडे धावले. तिसऱ्या सलाइननंतर आतडी सुजली, अठरा दिवस इस्पितळात काढले, औषध बंद झाले. संपले, असेच मला वाटले. पण वसंतात तपासणी झाली तेव्हा गाठी अर्ध्यावर आल्या होत्या आणि पुढच्या वर्षी दिसेनाशा झाल्या. थायरॉइड कामातून गेली, हातांवर पांढरे डाग आले. 'बऱ्या झालात' असे बाई कधी म्हणत नाहीत, 'काही दिसत नाही' म्हणतात. तेवढ्यावर सात वर्षे छान चालली आहेत.

३. होडी सिल्वोचीच. मरणार म्हणून मी ती आधीच देऊन टाकली होती. मी मरणाच्या दारातून परतल्यावर त्याने विचारले, "ताई, परत मागणार का?" मी म्हणाले, "नको. पण तो हिरवा रंग काढ, मासेसुद्धा हसतात." त्याने अजून काढलेला नाही. माझ्या पश्चात काढावा.

४. लोकरीचा कोट भावजय झोराकडे आहे, तोही तिचाच. बाजारात तिला म्हटले होते, "कोट शोभतोय."
"तुम्हीच दिला होतात, वन्सं."
"मी गेल्यावर घालायला."
"मग वाट बघत थंडीत कुडकुडू का?"
त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी पोट धरून हसले.

५. घर सिल्वो आणि झोरा या दोघांना. अट एकच: वरची, समुद्राकडची खोली दर ऑगस्टात ल्युदमिला हिला, ती येत राहील तोवर, भाडे न घेता द्यावी.

६. ल्युदमिला ही क्रान्य गावचे बसचालक बोगोमिर यांची पत्नी. बोगोमिर इस्पितळात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तेच औषध, त्याच दिवशी घेत. आजारही तोच. मला म्हणत, "मीठ निघताना एकदा बघायचंय. उन्हाळ्यात आलो तर कामाला लावाल का?" मी हो म्हटले होते. ते एप्रिलात गेले. मी का राहिले, ते का नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारले. "अजून आम्हालाही नीट कळत नाही," त्या म्हणाल्या. हे उत्तर मला पटले. खोटे काही सांगितले असते तर राग आला असता. ऑगस्टात ल्युदमिला एकटीच आली, तीन दिवस मिठागरात मीठ ओढत राहिली, चौथ्या दिवशी म्हणाली, "कंबर मोडली, पण झोप लागली." तेव्हापासून दर वर्षी येते. मीठ ओढायच्या माझ्या लाकडी फळ्या, बुटांचे दोन्ही जोड आणि टोपी तिला.

७. मला आईशेजारी पुरावे. भाषण नको. जेवणात सार्डिन मासे भरपूर असावेत.

८. येत्या गुरुवारी माझी तपासणी आहे. अहवाल काहीही आला तरी यातला एक शब्दही बदलायचा नाही. म्हणूनच हे मी आज लिहिले.

सही: नेवेंका बर्झान
साक्षीदार: अल्बिना क्रेवातिन, शेजारीण (वाचले, होडीच्या रंगाबाबत सहमत)
साक्षीदार: द्रागो श्कर्ल, निवृत्त टपालवाहक
पिरान, १२ मे २०२५, सकाळी, मिठागरावर जाण्यापूर्वी