आईचा रकाना

मंगळवार, चौदा तारीख

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहोत. फोनवर जीभ रेटेना म्हणून लिहायला बसले. लॉन्ड्रीतली नवी इस्त्री वाफेऐवजी पाणीच सोडते, आणि मालकीणबाई माझ्यावर डाफरतात. तुझी बबडी मजेत. वर्गात बाईंकडे मुद्दाम बहिरा कान करून बसते, म्हणजे बोलणी ऐकायला नकोत. लबाड कार्टी!

तर, तिच्या कानाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या महिन्याची नऊ. मुलांच्या सरकारी विम्यात सगळं बसतंय. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केलात तर कान कायमचा गेला.

आणि नेमकं तुझं पत्र, की एक तारखेला येतेयस, आता नोकरी पक्की झाली, लेकीला घेऊन जाणार. आनंद झाला गं. मग रडत बसले. माझं मलाच काही कळेना.

आता सांगतेच. विम्याचा अर्ज भरताना खिडकीतल्या बाईने विचारलं, "मुलगी तुमचीच ना?" सहा वर्षं सगळ्यांना सांगते तसं "माझीच" म्हणून मोकळी झाले. तिने आईच्या रकान्यात माझं नाव घातलं. कार्ड आल्यावर त्याच्या मागे छापलेले नियम वाचले: फक्त स्वतःची मुलं, भाची चालत नाही. दोनदा खरं सांगायला गेले, दोनदा रांगेतून परत आले. सांगितलं तर कार्ड रद्द, तुझ्या नावाने पुन्हा अर्ज, तोवर कान थांबणार आहे का? हे म्हणतात, सांगून टाक. शेजारची नर्स म्हणते, तोंड उघडशील तर खबरदार. मला दोघांचंही पटतं, काय करू?

आणि खरं सांगू? तिथे माझं नाव बघून मला फार बरं वाटलं होतं. चिडलीस तर चीड, तुझा हक्कच आहे.

तू ये. तिला ने, मी आडवी येणार नाही. फक्त ऑपरेशन होऊ दे. दवाखान्यात विचारतील, तुम्ही मुलीच्या कोण? तुझ्या पाया पडते ताई, तेवढ्यापुरतं मावशी म्हण. विम्याचं जे काय निस्तरायचं ते नंतर मी निस्तरेन.

पण शुद्धीवर येताना तिने "आई" अशी हाक मारली, तर ओ कुणी द्यायची? ते काही मला ठरवता येत नाही. तूच कळव.

अजून तरी तुझी बहीण,
धाकटी