इटलीला जेवायला

आगळ पाठवायला दरवेळी तुला दारूचीच बाटली कशी गं सापडते? गावात मधाच्या बाटल्या आहेत, औषधाच्या आहेत, पण तू शोधून शोधून रमची घेणार, वरचा कागदसुद्धा न खरवडता त्यात कोकमाचं आगळ भरणार आणि मुंबईला येणाऱ्या काशीरामाच्या पिशवीतून घाटकोपरला धाडणार. खालच्या मजल्यावरच्या शेठाणीने ती बाटली पिशवीतून डोकावताना बघितली, तेव्हापासून ती जिन्यात माझ्याशी जरा जपून बोलते. तेही मी सोडून दिलं असतं. पण त्या बाटलीपायी पुढे जे झालं त्यातला अर्धा वाटा तुझा आहे, तो आधी पदरात घे.

आता रीतीने. चि. सौ. द्रौपदी हिला थोरल्या जावेचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना उतार असेल असं धरून चालते. नसला तर लेप लावायचा कंटाळा तुझा, त्याला मी इथून काय करणार. गुणाजी भावजींचा खोकला कसा आहे ते कळव (विडी सुटली का ते विचारत नाही, उत्तर ठाऊक आहे). इकडे सगळे धड आहेत. फक्त घरात गोवर यावी तशी इटली आली आहे.

आपल्या विद्याधराला विक्रोळीच्या कंपनीने तीन वर्षांमागे सहा महिने यंत्र शिकायला इटलीत पाठवलं होतं ते तुला आठवत असेल. यंत्र किती शिकला ते कंपनी जाणे, जेवायला मात्र शिकून आला. आता नीलाने बँकेतली रजा जमवली आहे आणि दोघं नवराबायको दसरा झाला की निघून दिवाळीच्या आत परत यायचं म्हणतात. लोक परदेशी जातात ते मनोरे बघायला, पुतळे बघायला. ही दोघं नुसती जेवायला चालली आहेत. कपाटाच्या दारावर इटलीचा नकाशा चिकटवलाय (माझी लुगडी काढायला गेलं की आधी इटली उघडावी लागते) आणि त्यावर टाचण्या. इथे डुकराची मांडी वर्ष वर्ष टांगून वाळवतात, ती खायची. तिथे मक्याच्या पिठाची उकड. पलीकडे द्राक्षाचा सिरका, तो म्हणे पिंपात मुरवून मुरवून नातीच्या लग्नापर्यंत ठेवतात. तू म्हणशील, ‘खाऊक इतक्या लांब जातत?’ मीही तेच म्हटलं. तर विद्याधर म्हणाला, आई, तिथे दहा कोसांवर जेवण बदलतं, आणि जो तो पलीकडच्या गावाला हसतो. लोण्यात रांधणारे तेलात रांधणाऱ्यांना हसतात. हे ऐकल्यावर मात्र मला ते लोक जवळचे वाटायला लागले. मालवणचा माणूस वेंगुर्ल्याची कढी पिऊन तोंड वाकडं करतो, ते काय वेगळं आहे? त्यांच्या दारूचंही तसंच. देवगडचा हापूस, रत्नागिरीचा हापूस म्हणतो तशी ह्या डोंगराची वाइन, त्या डोंगराची वाइन. खोटं नाव लावून विकणारेही आहेत म्हणाला. म्हणजे देश सुधारलेला आहे.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. समुद्राकाठचं एक गाव आहे, तिथे तुळशीच्या पानांची चटणी करतात. लसूण घालून, दगडी खलात कुटून. आपण तिचं लग्न लावतो आणि हे तिला खलात घालतात. नीला म्हणते ती आपली तुळस नाही, तिची बहीण आहे. मी म्हटलं, बहिणीला कुटलेलं तरी तुळशीला बरं वाटेल का?

तर आता त्या दिवसाचं. नीलाचे वडील श्यामसुंदरराव मुलुंडहून जेवायला आले होते. कशाला, तर लेकीला समजवायला. तरुणपणी दारूबंदीच्या सभा घेतलेला माणूस, चहासुद्धा पाणी घालून पितो. दारू प्यायला परदेशात जायचं ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि विद्याधराने नेमकी आदल्या दिवशी तीन वर्षं कपाटात जपलेली इटलीची बाटली उघडली होती, नीलाला वास कसा घ्यायचा ते शिकवायला. (पेला गोल फिरवायचा, त्यात नाक घालायचं, एक घोट तोंडात खेळवायचा. आपण चूळ भरतो तसं, पण ह्यांना त्याचे पैसे पडतात.) उरलेली बाटली बूच लावून ओट्यावर, तुझ्या बाटलीच्या शेजारी. मला सर्दी, नाक बंद. नैवेद्याच्या सवयीने रांधताना मी कधीच चव घेत नाही हे तुला ठाऊक आहे. आणि आमच्या घरात विलायती कागदाच्या बाटलीत आगळच असतं हा माझा तीस वर्षांचा अनुभव. सोलकढीला नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची ठेचून घातली आणि बाटली उपडी केली. रंगसुद्धा चुकला नाही, जरा जांभळट आला एवढंच.

श्यामसुंदरराव पहिली वाटी प्यायले आणि म्हणाले, विहीणबाई, आज कढीला काही वेगळीच गोडी आहे. दुसरी मागितली. तिसरी स्वतः उठून घेतली. मग बंगड्याचं कालवण बाजूला सारून ते नकाशासमोर जाऊन उभे राहिले, टाचण्या बघितल्या आणि लेकीला म्हणाले, जा गं, माणसाने जग बघावं, मी उगाच आडवा आलो. विद्याधर घरभर बाटली शोधत होता. सापडली तेव्हा ती रिकामी होती आणि मी भांडी घासत होते. तो हसेना आणि रागावेना. नुसता म्हणाला, आई, ती मुद्दाम ठेवली होती गं. मी म्हटलं, मग आगळाशेजारी कशाला ठेवलीस? (त्याच्या सासऱ्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. तेवढं पोटात ठेव.)

इथवर हसण्यावारी. आता जे लिहिते ते नीट वाच.

विद्याधर तिकडे जिच्या घरी भाड्याने राहायचा ती रोझा म्हणून म्हातारी आहे. नवरा गेलेला, ऐंशीला टेकलेली, सहा महिने ह्याला तिनेच जेवू घातलं. तिला ह्यांनी येतो म्हणून कळवलं तर तिचं पत्र आलं. ते विद्याधराने वाचून दाखवलं. ऑगस्टात येऊ नका, तेव्हा इकडे सगळं बंद असतं (म्हणजे त्यांनाही श्रावण आहे म्हणायचा), ऑक्टोबरात, म्हणजे आपल्या दसऱ्यानंतर या, तेव्हा द्राक्षं उतरलेली असतात. आणि शेवटी लिहिलंय की तुझ्या आईला घेऊन ये, फक्त तिला आधीच सांगून ठेव, मी तिला माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू देणार नाही.

आधी मला राग आला. कोण ही बाई, मला न बघता दाराशी अडवणारी. रात्री भाकऱ्या थापताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मी काशीला गेले होते ना, तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. गंगा बघितली ती तांदूळ धुताना. पंधरा माणसांचा भात मीच शिजवत होते. गणपतीला गावी येते तेव्हा गाडीतून उतरल्यावर हातात आधी विळी येते, मग पाणी. जिथे गेले तिथे चूल माझ्या आधी जाऊन बसलेली. मी हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. चुलीवर माझा राग नाही, तिने मला पोसलं. पण सत्तर वर्षांत मी गरम गरम काही खाल्लेलं मला आठवत नाही. सगळ्यांची पानं उठल्यावर जे उरतं ते निवलेलंच असतं. आणि दुसरं सांगू का, दुसऱ्याच्या रांधण्याला बसून नावं ठेवायची मजा मला कधी मिळालीच नाही. माझ्या कालवणाला सगळ्यांनी नावं ठेवली, तुझ्या नवऱ्यानेही, आणि मी मात्र आयुष्यभर माझंच खाल्लं. मग नावं ठेवणार कुणाला?

तरी मी विद्याधराला नाही म्हणून सांगितलंय. ह्या वयात शोभतं का. थंडी असते, पाण्याऐवजी वाइन, भाषा कळणार नाही, घरात देवापुढे दिवा कोण लावील. विद्याधर म्हणाला, दिव्याचं नीलाच्या आईला सांगू, थंडीला स्वेटर आहे. नागपंचमीपर्यंत पक्कं सांग, मग तिकिटं काढायची, पुढल्या वर्षाचा भरवसा नको. खरंच आहे. रोझा ऐंशीची आणि माझा दम दुसऱ्या मजल्यावर संपतो. पण मी नाहीच म्हटलं, आणि ते कायम आहे. भावजींनाही तसंच सांग.

गणपतीला आम्ही सगळे नेहमीसारखे येतोच आहोत. कळावे.

तुझी,
सुगंधा वहिनी

ता. क. – पासपोर्टासाठी फोटो काढून आले. फोटो काढला म्हणजे गेले असं होत नाही. नीलाचा काढायचा होता, तिच्यासोबत स्टेशनकडे गेलेच होते म्हणून काढला. चांगला आलाय.

ता. क. २ – हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. सोमवारी देवळात जा, ओटी भर आणि सहदेव गुरवाकडून माझ्या नावाने देवाला कौल लावून घे. उजवी पाकळी पडली तर जायचं, डावी पडली तर विषय बंद. गाऱ्हाणं घालताना ‘आमची वहिनी खायला चालली आहे’ असं म्हणायचं नाही. लांबच्या मुलखात एका म्हातारीने बोलावलंय, जाऊ का, एवढंच विचारायचं. वाइनचं लपवू नका. गावच्या राखणदाराला आपण दरवर्षी कोंबड्यासोबत बाटली देतोच, देवाला त्यात नवीन काही नाही.

ता. क. ३ – डावी पडली तर पाकळी ओली होती म्हणायचं आणि फूल बदलून पुन्हा लावायचा. दोनदा चालतं. तिसऱ्यांदा मात्र नको, मग तो त्याचा शब्द.

उत्तर सहदेवाने स्वतःच्या हाताने लिहून नागपंचमीच्या आत टाकायचं. देव काय म्हणाला तेवढंच त्यात हवं. तू काही लिहायचं नाहीस आणि भावजींनी तर नाहीच, तुमचं मत मी विचारलेलं नाही.