जनरेटर, चिंगी आणि तुझी चिठ्ठी

ती. ताईस,

गॅरेजमधून साष्टांग नमस्कार. (कोपऱ्यावरचा डाग ऑइलचा आहे. हात दोनदा धुऊनच लिहायला बसलो होतो.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो म्हणून घाबरू नका म्हणावं, आवाज येतोय तोवर माल चालू आहे. तुझी तब्येत विचारत नाही. पोटच्या पोरीशी आठ महिने अबोला धरणाऱ्या बाईची तब्येत कशी असते, ते मला ठाऊक आहे.

तर तू सोपवलेल्या कामगिरीचा हा वृत्तांत. चिंगीने बँकेतली नोकरी सोडून वाद्य हातात धरलं तेव्हापासून तुझा पारा चढलेला. रविवारी बागेत जॅझचा फुकट कार्यक्रम आहे, तिथे मामाने जावं, तुझी चिठ्ठी तिच्या हातात ठेवावी आणि कान धरून तिला घरी आणावं, असा तुझा हुकूम. चिठ्ठी उघडीच होती म्हणून वाचली. ("नोकरी परत धर, नाहीतर या घराची पायरी चढू नकोस" हेसुद्धा तू समास सोडून लिहिलंस, याचं कौतुक वाटलं.) ती खिशात घालून भर दुपारी दोनला बागेत हजर झालो. बघतो तर लोक गवतावर चटया टाकून खुशाल लोळताहेत आणि चिंगी मंचामागे तिचं ते वाद्य सोडवतेय. तू ते पाहिलेलं नाहीस. व्हायोलिनच, पण कपाटाएवढं, आणि तुझ्या जुन्या निळ्या रजईत गुंडाळलेलं. चिठ्ठी आत्ताच दिली तर ते धूड माझ्याच पायावर पडेल, असा सुज्ञ विचार करून मी ती नंतर द्यायची ठरवली.

वादन सुरू झालं. आता माझा तीस वर्षांचा धंदा कानावर चालतो, हे तू जाणतेस. गाडी फाटकातून आत येण्याआधीच मी दुखणं सांगतो. इथे चार ठोके सरळ पडले की भलत्याच जागी एक 'टक'. पुन्हा चार, पुन्हा 'टक'. मंचामागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता. मला वाटलं, इंजिनातला टॅपेट ढिला होऊन ठोकतोय, आता इंजिन बसणार आणि पोरीच्या कार्यक्रमाचा विचका होणार. जनरेटरवाला चहाला गेलेला. (कामाच्या वेळी चहाला जाणाऱ्यांविषयी माझी मतं तू ऐकलेलीच आहेस.) मी सरळ गेलो, जनरेटर बंद केला आणि ऑइल तपासायला दांडी बाहेर ओढली. आणि ताई, त्या शांततेत पुन्हा 'टक'!

तो ढोलवाला होता. मुद्दाम वाजवत होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. माइक गेला, विजेवरचा पियानो गेला, गाणारीचे नुसते ओठ हलताहेत. थांबली नाही ती फक्त चिंगी. तिच्या वाद्याला वीज लागत नाही, बोटं लागतात. ढोलवाल्याने काठ्या ठेवून हळू वाजणारे तारांचे ब्रश घेतले, आणि हजारभर माणसं आपण होऊन उठून पुढे येऊन बसली. पोरं गप्प झाली. आइस्क्रीमवाल्याने घंटी मुठीत धरली. आणि त्या लाकडी कपाटातून असा खोल आवाज येऊ लागला, की तो कानाआधी मला तळपायांना कळला. पोरगी सुरांची वाट सोडून कुठल्या कुठे जायची, वाटायचं, आता गेली खड्ड्यात, तर अलगद जागच्या जागी हजर. लोक पुढ्यात बसलेले, पण ही बघत होती दूरच्या झाडाकडे. जन्मभर मी वेळ चुकवून पडणारा प्रत्येक ठोका दुरुस्त करत आलो. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, याला हात लावू नये. मी रडलो, ताई. डिझेलच्या धुराने नव्हे, जनरेटर तर बंदच होता.

भावोजींना नमस्कार. कामगिरी फत्ते झाली नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझा,
धाकटा

ता. क. १. तुझी चिठ्ठी चिंगीला मिळालेली नाही. दांडीचं ऑइल पुसायला खिशात दुसरा कागद नव्हता.

ता. क. २. जनरेटर कुणी बंद केला याचा तिथे अजून शोध चालू आहे. शोधणाऱ्यांत मीही आहे. बोलू नकोस.

ता. क. ३. मंचावर चढण्याआधी तिने मला एवढंच विचारलं होतं, "मामा, आई आलीये?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आलीये ना, त्या मागच्या झाडाखाली बसलीये." कार्यक्रमानंतर तिने पुन्हा तुझं विचारलं तेव्हा भावोजींचा गुडघा पुढे करून तुला लवकर घरी पाठवलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा वाजवणार आहे, दोनलाच. झाडाखाली चटई मी टाकून ठेवतो. तू तेवढी येऊन बस.