मर्सीची जागा

हार्लो नॉच, न्यू हॅम्पशायर
११ फेब्रुवारी १९७२

चि. अडेला हिस लायमनदादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आणि मोजे पोचले. मोजे घट्ट होतात. बॉस्टनला राहून भावाच्या पायाचं माप विसरलीस वाटतं. इथे बर्फ खिडकीला टेकलंय. लाकडाची गिरणी कशीबशी चालू आहे.

बातमी अशी की वीज कंपनीला आपल्या टेकडीवरून मोठ्या तारा न्यायच्यात. शेजारच्या एल्डनचं वरचं रान त्यांना विकत हवंय. ते मिळालं, तर पुढची वाट नेमकी माझ्या कुरणातून, मर्सीच्या थडग्यावरून जाते. नाही मिळालं, तर पलीकडच्या डोंगराने जाऊ, असं त्यांचाच माणूस बोलून गेला. म्हणून मार्चच्या गावसभेत ठराव येतोय : गावाच्या मताशिवाय टेकडीवर कोणी जमीन विकू नये. पंच ह्यूबर्ट म्हणाला, हे तुझ्या बायकोसाठीच चाललंय. मी म्हटलं, जिवंतपणी तिच्या हातचा केक अर्धा टाकून उठायचास, आता बरा पुळका आला! एल्डनच्या जमिनीवर गावाने मत द्यावं, हे मला पटत नाही.

जावईबापूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
लायमनदादा

बॉस्टन
२० फेब्रुवारी १९७२

ती. दादास सा. न. वि. वि.

मोजे धुऊन ओढ, सैल होतील. पाय वाढलेत तुझे, अक्कल नाही.

दादा, ठरावाच्या बाजूने हात वर कर. तेवढं जमत नसेल तर पाठ धरल्याचं सोंग करून घरी बस. वहिनी गेली तेव्हा जमीन दगड झाली होती. शेकोटी पेटवून ती वितळवलीस, स्वतःच्या गिरणीच्या फळ्यांची पेटी केलीस, स्वतः पुरलंस. आणि एल्डन? कुंपणाच्या भिंतीवरून भांडण झाल्यापासून तो तुझ्याशी बोलत नाही. त्या दिवशीसुद्धा भिंतीपलीकडेच टोपी काढून उभा राहिला, आत आला नाही. त्याचं तू काय देणं लागतोस?

तुझ्या हेक्याचा धाक वाटतो. सांभाळ.
तुझी अडेला

हार्लो नॉच
१५ मार्च १९७२

चि. अडेलास आशीर्वाद वि. वि.

सभा झाली. चर्चच्या बायकांनी भाजलेले बीन्स ठेवले होते, नेहमीसारखे गोडमिट्ट. मी उठलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता लायमन रडणार. मी म्हटलं, एल्डन मला आवडत नाही, हे गावाला ठाऊक आहे. पण ते रान त्याच्या बापाने कुऱ्हाडीने मोकळं केलं, गावाने नव्हे. आज हात वर करून त्याचं दार बंद कराल, तर उद्या तेच हात तुमच्या दारावर पडतील.

मागून कोणी तरी ओरडलं, मर्सीला विचारलंस का? मी खाली बसलो.

ठराव पडला. एल्डनचे गुडघे गेलेत, त्याला त्या रानात पुन्हा वाढलेली झाडं तोडवत नाहीत. तो विकणार. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

राग आला असेल तर येऊ दे, पण लिहीत जा.
दादा

बॉस्टन
३ ऑक्टोबर १९७२

ती. दादास सा. न. वि. वि.

तू कळवलं नाहीस, ह्यूबर्टने कळवलं. तू कुरण द्यायला नाही म्हणालास, म्हणून सरकारने कंपनीला ते सक्तीने घ्यायचा हुकूम दिला. वहिनीला म्हणे सन्मानाने गावच्या दफनभूमीत हलवणार. सन्मानाने! एल्डनला हो म्हणायचा हक्क राहावा म्हणून तू उभा राहिलास. तुला नाही म्हणायचा हक्क आहे असं म्हणायला कोण उठलं?

रागाने लिहितेय, पण रडतेही आहे. बंदूक माळ्यावर टाक. फाटकाशी घेऊन बसू नकोस, तुला माझी शपथ. लगेच दोन ओळी पाठव.
अडेला

हार्लो नॉच
१९ नोव्हेंबर १९७२

चि. अडेलास अनेक आशीर्वाद वि. वि.

बंदूक माळ्यावरच आहे. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

मर्सीला परक्यांचे हात लागू द्यायचे नव्हते. झाडांचा पाला गळून गेला तसा मी फावडं घेऊन कुरणात गेलो. परवानगी मागितली नाही; पुरतानाही मागितली नव्हती. निम्मी माती निघाली आणि भिंतीपलीकडे एल्डन दिसला, टोपी हातात धरून, तसाच. त्याने विचारलं, आत येऊ का? तेव्हा कळलं, त्या दिवशी तो का आला नव्हता. मी बोलावलंच नव्हतं.

गुडघ्यांना शिव्या घालत तो भिंत चढून आला. दोघांनी मिळून खणलं. फळ्या अजून धड होत्या. एल्डन म्हणाला, तुझं लाकूड तुझ्यापेक्षा कमी कुरकुरतं. त्याच्या घरामागची सफरचंदांची बाग त्याने विकलेली नाही. तिथे तिला ठेवलं. तेवढा तुकडा तुझ्या नावावर लिहून देतो म्हणाला. मी म्हटलं, नको; माझं कुरणही लिहिलेलंच होतं.

दर रविवारी जातो. फाटकाशी उभा राहून हाक मारतो, आत येऊ का? एल्डन भडकतो. म्हाताऱ्या, बायको तुझी इथे झोपलीय आणि विचारतोस काय, म्हणतो. पण जमीन त्याची आहे. तो ये म्हणेपर्यंत मी बाहेर थांबतो.

आज तो मुलीकडे गेला होता. बर्फ भुरभुरत होतं. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. तिथून तिच्या थडग्याचा दगड दिसतो. हाताची बोटं बधिर होईपर्यंत उभा राहिलो आणि परत आलो.

मोजे सैल झालेत. या म्हाताऱ्यावरचा जीव असाच राहू दे.
तुझा,
लायमनदादा